जैतूनचा मुलूख, मोहाचा मुलूख

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या मध्यमवर्गीय मुस्लिम घरांत एक नवं वेड आलंय. उमरा करून परतताना वाटेत तुर्की ‘करायची’. टूरवाले तसं पॅकेजच विकतात. मग इस्तंबूलच्या मशिदी, बोस्फोरसचं निळं पाणी, इझमीरकडचे द्राक्षमळे, जैतूनची झाडं आणि नाश्त्याला मांडलेल्या पंचवीस वाट्या असे फोटो महिनाभर खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात. मला यात गैर काही वाटत नाही. भूमध्य समुद्राच्या काठाशी आपलं जुनं नातं आहे. सूरह तीनची सुरुवातच अंजीर आणि जैतूनच्या शपथेने होते. जे झाड कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याचं नाव आपण लहानपणापासून नमाजमध्ये घेत आलोय. ते झाड पाहावंसं वाटणं साहजिक आहे.

पण ज्या मुलखात आपण राहतो, तिथल्या झाडांचं काय? त्यांच्याशी आपलं नातं कोणतं? हा प्रश्न मला 2023 च्या रमजानमध्ये पडला, धानोऱ्यात.

धानोरा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझी आपा तिथे शिक्षिका आहे. दुल्हाभाईंचं स्पेअर पार्ट्सचं छोटं दुकान आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी पुण्याहून नागपूर आणि नागपूरहून एसटीने निघालो. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी आणि मग गडचिरोली. ब्रह्मपुरीच्या आसपासच भाषा बदलू लागते. ‘तो जातो’चं ‘तो जाते’ होतं, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. ही झाडीबोली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यालाच लोक झाडीपट्टी म्हणतात. धान, तलाव आणि जंगल या तीन गोष्टींवर तिचा संसार चालतो. तलावांना इथे ‘मामा तलाव’ म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी.

या पट्ट्यातलं प्रत्येक गाव काहीतरी सांगतं. देसाईगंजला सगळे वडसाच म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे थांबते ती तिथेच, आणि झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची बुकिंग ऑफिसंही तिथेच. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. गावात मंडई किंवा शंकरपट असला की रात्री मंडप उभा राहतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. मी गेलो त्याच वर्षी या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली होती. एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी ती बातमी मला अशी सांगितली, जणू त्यांच्या सख्ख्या मामांना मिळाली असावी. आरमोरीच्या पुढे वैरागडचा किल्ला लागतो. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने आईन-ए-अकबरीत केली आहे. दक्षिणेला चंद्रपूर, गोंड राजांची राजधानी. तिथल्या परकोटाचे दरवाजे अजून उभे आहेत आणि त्यातल्या एकाचं नाव पठाणपुरा आहे.

गोंड आणि मुसलमान यांचं नातं इतिहासात आहेच. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह हा देवगडचा गोंड राजा. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला आणि 1702 च्या सुमारास नागपूरची उभारणी केली. धर्म बदलला तरी त्याच्या घराण्याने गोंडपण सोडलं नाही. आज नागपूरच्या किती मुसलमानांना आपलं शहर एका गोंड मुसलमानाने वसवलं हे माहीत असेल?

गडचिरोलीहून धानोऱ्याचा रस्ता पूर्वेला जातो. पुढे तोच मुरूमगाववरून छत्तीसगडमध्ये उतरतो. वाटेत चातगावजवळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं शोधग्राम लागतं. तिथल्या दवाखान्याला आदिवासींच्या देवीचं नाव आहे, माँ दंतेश्वरी. धानोऱ्याच्या अलीकडे मेंढा (लेखा) लागतं. त्या गावाबद्दल पुढे लिहितो.

मी पोहोचलो तेव्हा मोहाचा हंगाम ऐन भरात होता. आपाचं भाड्याचं घर गावाच्या टोकाला. घरमालकीण एक गोंड आजी, सत्तरीच्या पुढच्या. आपा त्यांना आजी म्हणते, त्या आपाला ‘मास्तरीन बाई’. पहिल्या दिवशी सहेरीसाठी साडेतीनला उठलो तर अंगणापलीकडे दिवा हलताना दिसला. आजी आणि त्यांची सून टोपल्या घेऊन निघाल्या होत्या. मोहाची फुलं रात्री उशिरा गळायला लागतात आणि सकाळपर्यंत टपटपत राहतात. ऊन चढायच्या आत, गुरं आणि अस्वलं यायच्या आत ती वेचावी लागतात. म्हणजे आमची सहेरीची आणि त्यांची मोहाला जायची वेळ एकच. टोकाच्या घरापर्यंत अजान ऐकू येत नसे, मोबाइलवर वेळ बघावी लागे. दोन-तीन दिवसांनी आपा म्हणाली, “आजींचा दिवा निघाला की मी समजते, उठायची वेळ झाली.”

एके दिवशी फजरची नमाज पढून मी त्यांच्या मागे गेलो. उजाडत होतं. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली होती, फुलं दिसावीत म्हणून. या आगी कधी जंगलभर पसरतात, म्हणून वनखातं ओरडत असतं. फिकट पिवळी, गोल, रसरशीत फुलं जमिनीवर पसरलेली. वास इतका गोड आणि जड की रोजा असताना डोकं भणभणलं. प्रत्येक झाड कुणाचं हे ठरलेलं असतं. सातबाऱ्यावर नोंद नसली तरी दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी वाकत नाही. आजी वाकून वेचत होत्या आणि सून उभी राहून चौफेर बघत होती. का, ते मी विचारलं नाही. या जिल्ह्यात मोह वेचताना वाघाच्या हल्ल्यात माणसं गेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात.

ही फुलं अंगणात वाळवली की आकसतात, तपकिरी होतात. मूठभर हातात घेतली तर मनुकाच वाटाव्यात.

पाचव्या की सहाव्या रोजाला इफ्तारच्या थोडं आधी आजी एका वाटीत काहीतरी झाकून घेऊन आल्या. “दिवसभर उपाशी राहता, गोड खा,” म्हणाल्या. वाळलेली मोहफुलं उकडून, तिळासोबत कुटून केलेले लाडू होते. आपाने वाटी दोन्ही हातांनी घेतली. आजी गेल्यावर दुल्हाभाई म्हणाले, “ये नहीं चलेगा. महुआ है. शराब की चीज से रोजा खोलोगे?”

घरात शांतता पसरली. इफ्तारला वीस मिनिटं होती.

दुल्हाभाईंची भीती मला समजत होती. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. बंदी वरून आलेली नव्हती. गावोगावच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, आधी काही वर्षं आंदोलन केलं आणि मग सरकारने निर्णय घेतला. शेजारच्या चंद्रपूरमध्ये 2015 ला बंदी झाली आणि 2021 ला उठली. इकडे अजून टिकून आहे. पण जंगलात चोरून भट्ट्या लागतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गावात मुसलमानांची घरं मोजकी. अशा ठिकाणी माणूस आपली ओळख जरा जास्तच घट्ट धरून बसतो. ‘मोहावाले मुसलमान’ असं कुणी म्हणू नये, एवढीच त्यांची चिंता. आपाची चिंता वेगळी होती. ती म्हणाली, “ते हाताने करून आणलंय. उद्या विचारतील, कसे झाले होते? मी खोटं बोलू? रोजा ठेवून?”

शेवटी दुल्हाभाईंनीच वडशाला ओळखीच्या मौलानांना फोन लावला. मौलानांनी दोन प्रश्न विचारले. फुलं सडवलेली, आंबवलेली आहेत का? आणि ज्या भांड्यात शिजवलं, ते दारूच्या भट्टीचं आहे का? आपा बाहेर गेली, आजींशी बोलून आली. फुलं उन्हात वाळवलेली, भांडं रोजच्या भाताचं. मौलाना म्हणाले, मग हा मेवा आहे, बिस्मिल्ला करा.

आम्ही खजुराने रोजा सोडला आणि नंतर एकेक लाडू खाल्ला. चव अंजिरासारखी, शेवटाला थोडी तुरट. दुल्हाभाईंनी अर्धाच खाल्ला. पण खाल्ला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मौलानांचे दोन प्रश्न डोक्यात घोळत होते. ते नवे नाहीतच. चौदाशे वर्षांपूर्वी मदिन्यात हेच प्रश्न विचारले गेले होते. हदीसच्या संग्रहांत ‘नबीज’चं प्रकरण येतं. नबीज म्हणजे खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेलं गोड पेय. सहीह मुस्लिममध्ये नोंद आहे की पैगंबरांसाठी मनुका भिजत घातल्या जात. ते त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत ते पेय घेत, त्यानंतर उरलं तर ओतून द्यायला सांगत. फळ तेच आणि पाणीही तेच, हद्द फक्त वेळेने आखलेली.

दुसरी गोष्ट भांड्यांची. अब्द-अल-कैस कबिल्याचे लोक मदिन्याला आले तेव्हा त्यांना काही भांड्यांत नबीज करायला मनाई केली गेली. त्या यादीत वाळवलेला भोपळा आहे, खोडात कोरलेलं भांडं आहे, कारण अशा भांड्यांत पेय लवकर आंबतं. पुढे ही मनाई सैल झाली. कोणत्याही भांड्यातून प्या, मात्र नशा आणणारं पिऊ नका, असा नियम राहिला. धानोऱ्याच्या बाजूला आजही माणूस जंगलात निघाला की खांद्याला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा असतो. कधी त्यात पाणी असतं, कधी आंबील, कधी दारू. मदिन्यातला प्रश्न मला धानोऱ्याच्या रस्त्यावर चालताना दिसत होता.

आता पुन्हा भूमध्य समुद्राकडे वळू. तो सगळा किनारा द्राक्षांचा. इस्लाम शाम, मिसर, अंदलूस आणि नंतर अनातोलियात पोहोचला तेव्हा तिथे हजारो वर्षांची वाईनची परंपरा होती. मुसलमानांनी द्राक्षवेली उपटून फेकल्या नाहीत. मनुका केल्या, सिरका केला. द्राक्षाचा रस आटवून काकवीसारखा पाक केला, त्याला तुर्कीत पेकमेझ आणि अरबीत दिब्स म्हणतात. पानांत भात भरून गुंडाळ्या केल्या. आज मनुका निर्यात करणाऱ्या जगातल्या आघाडीच्या देशांत तुर्की आहे, आणि इझमीर-मनिसाकडचे ते द्राक्षमळे आपले पर्यटक फोटोत घेऊन येतात. सूरह नहलमध्ये खजूर आणि द्राक्षांचा उल्लेख करताना नशा आणि उत्तम रोजी या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी येतात. एकाच फळातून दोन वाटा निघतात आणि निवड माणसाकडे दिलेली आहे.

मग द्राक्षाला जो न्याय, तो मोहाला का नाही? द्राक्षापासूनही दारू होते, पण आपण द्राक्ष बघून तोंड फिरवत नाही. उलट आजारी माणसाला भेटायला जाताना नेतो. मोहाचं नाव घेतलं की मात्र आपल्याला फक्त बाटली दिसते. यात धर्म थोडा आहे आणि जात-वर्ग जास्त आहे, असं मला वाटतं. द्राक्ष बागायतदाराचं फळ आहे, मोह आदिवासीचं. ही नजर केवळ मुसलमानांची नाही. सरकारचीही तीच होती. मोहफुलं साठवण्यावर, वाहून नेण्यावर इतकी वर्षं निर्बंध होते, ते राज्य सरकारने 2021 मध्ये सैल केले. जे फूल हजारो घरांना उन्हाळ्यात रोख पैसा देतं, ते घरात ठेवलं तरी संशय यायचा.

आजींना मी एकदा विचारलं, दारूबद्दल काय वाटतं? देवाला वाहायला ती लागते, लग्नात लागते, मरणात लागते, हे त्यांनी सरळ सांगितलं. नवं फूल आधी देवाला द्यायचं आणि मग आपण खायचं, हा त्यांचा पंडुम. मग गप्प झाल्या. त्यांचा थोरला मुलगा दारूपायीच गेला, हे मला आपाकडून आधीच कळलं होतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, “फुलानं काई गुन्हा नाई केला बापू. भट्टी माणूस लावते.”

कोणत्याही मुफ्तीला हा निकाल मान्य होईल.

परतीच्या दोन दिवस आधी आम्ही मेंढ्याला गेलो. कठाणी नदीत पाणी पोटरीइतकं होतं. हे गोंडांचं छोटं गाव देशभर ओळखलं जातं ते त्याच्या घोषणेमुळे, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडलेली आहेत. इथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सगळ्यांची सहमती लागते. एकजण जरी नाही म्हणाला तरी चर्चा पुढे चालू राहते. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला 1800 हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. 2013 मध्ये गावाने आपली शेतजमीनही ग्रामदानात ग्रामसभेकडे दिली. मला शूरा आठवला, आपसांत मसलत करून निर्णय घेण्याची कुरआनची शिकवण. आपल्या किती मोहल्ल्यांत, किती मशिदींच्या कमिट्यांत एका माणसाच्या ‘नाही’साठी बैठक थांबते?

येताना आठवडी बाजारात थांबलो. सुकवलेले झिंगे, अंबाडीची भाजी, जवस, लाखोळीची डाळ. पावसाळ्यात इथे बांबूचे कोंब येतात, त्यांना वास्ते म्हणतात, आणि वारुळांवर उगवणारे टेकोडेही. तेव्हा ये, असं आपा म्हणाली. एका बाईसमोर पानावर चारोळीचा छोटा ढीग होता. मी भाव विचारला आणि पुण्यातल्या किराणा दुकानातला भाव आठवून गप्प बसलो. चारोळीचं फळ जंगलात गोळा करायचं, भिजवून गर काढायचा, वाळवायचं, मग कवच फोडून हा दाणा निघतो. एके काळी या जंगलपट्ट्यात व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेऊन जात. किलोला किलो.

तिथे उभं असताना एक साधी गोष्ट लक्षात आली. आपल्या शीरखुर्म्यात खजूर अरबस्तानाचा, पिस्ता इराणचा, बदाम कुठल्या कुठून आलेला. शीर आणि खुर्मा हे शब्दही फारसी. पण चारोळी? ती इथली, मध्य भारताच्या जंगलातली. फारसी दस्तरखानावरचा हा पदार्थ हिंदुस्थानात आला आणि कुणा आदिवासी बाईने फोडलेला दाणा त्यात पडला. तेव्हापासून दर ईदला तो आपल्या वाटीत असतो. मोहाचा लाडू खावा की नाही यावर आमच्या घरात वीस मिनिटं वाद झाला. चारोळीवर कधीच झाला नाही, कारण ती कुठून येते हे आपण विचारलंच नव्हतं.

आपा भाव न करता अर्धा किलो चारोळी घेऊन निघाली.

22 एप्रिलला ईद झाली तेव्हा मी पुण्यात होतो. दुपारी आपाचा फोन आला. दुल्हाभाई स्वतः शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आजींकडे गेले होते. आजींनी वाटीतली चारोळी बोटाने बाजूला काढून पाहिली आणि विचारलं, “हे तं आमच्या जंगलातलं होय ना?” दुल्हाभाई म्हणाले, “हो आजी, तुमच्याच जंगलातलं.” मग आजींनी वाटी संपवली आणि सुनेसाठी आणखी एक मागून घेतली.